चांगल्यातला च, चहातला च

विमानात तेवीस किलो न्यायची मुभा होती आणि त्यातले साडेतीन किलो आईचे होते. कडक भाकरी, शेंगाचटणी, मेतकूट, आणि "असू दे, लागतं" या सदरात मोडणाऱ्या तीन पुड्या. २०१८चा जून संपत आला होता. मी पुण्यात तिसऱ्या वर्षाला होते, संध्याकाळी चिनी भाषेचा एक सर्टिफिकेट कोर्स केला होता, आणि पेइचिंगच्या वायव्येकडच्या एका विद्यापीठाने मला सहा आठवड्यांच्या उन्हाळी वर्गात घेतलं होतं. आदल्या वर्षीच डोकलाममध्ये दोन्हीकडचं सैन्य समोरासमोर उभं राहिलेलं, त्यामुळे सोलापुरात ज्याला सांगावं तो "चीन? आत्ता?" असं म्हणून एकदा माझ्याकडे आणि एकदा बाबांकडे बघायचा. आईला सीमेची काळजी नव्हती. तिचा प्रश्न एकच, जेवणाचं काय.

हॉस्टेलवर पोचले तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. आपल्याकडे तेव्हा आठ. खालच्या काचेच्या खिडकीमागे पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई बसल्या होत्या, पायाशी पंखा, हातात विणकाम. त्यांनी माझा पासपोर्ट घेतला, फोटोकॉपी काढली, एक फॉर्म पुढे सरकवला आणि काहीतरी बोलल्या. त्यातला "चोवीस तास" एवढाच भाग मला कळला. परदेशी माणसाने आल्यापासून चोवीस तासांत पोलिसांकडे राहण्याच्या जागेची नोंद करायची असते. हॉटेल किंवा हॉस्टेल असेल तर ते काम तिथलीच माणसं करतात, कुणाच्या घरी उतरलात तर स्वतः चौकीत जावं लागायचं. हे मी वाचून गेले होते. पण वर्षभर शिकलेल्या भाषेतलं पहिलं खरं वाक्य आपल्या दिशेने आलं आणि त्यातला फक्त आकडा हाताला लागला, याने जो काही पोटात गोळा आला तो आला. खोलीत जाऊन मी दोन भाकऱ्या चटणीबरोबर खाल्ल्या आणि दिवा न घालवता झोपले.

पहिला आठवडा कागदांत गेला. फोनचं सिमकार्ड पासपोर्ट दाखवून मिळालं, तिथेच फोटोही काढला. व्हॉट्सॲप, गुगल, फेसबुक यांपैकी काहीच उघडत नाही हे माहीत असल्यामुळे आईबाबांच्या फोनवर वुईचॅट घालून आले होते. आईने त्यावर पहिला निरोप पाठवला तो तिच्या भिशीच्या ग्रुपवरचा सुप्रभातचा गुलाब होता.

बँकेचं प्रकरण मात्र सविस्तर सांगायला हवं. त्या उन्हाळ्यात पेइचिंगमध्ये नोटा चालायच्या, पण नोट पुढे केली की समोरचा माणूस गल्ल्यातली चिल्लर शोधायला लागायचा आणि मागची रांग सुस्कारे सोडायची. भाजीवाल्याच्या गाड्यावर, कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या पेटीवर, सगळीकडे चौकोनी कोड चिकटवलेला. तो स्कॅन करून पैसे द्यायचे तर फोनला चिनी बँकेचं खातं जोडायला लागायचं, आणि आपली भारतातली कार्डं तिथे काही उपयोगाची नव्हती. म्हणून खातं.

बँकेतल्या मुलीने आधी भारतातला करक्रमांक विचारला. परदेशी माणसाचं खातं उघडताना तो कोणत्या देशात कर भरतो हे लिहून घ्यायचा नियम आदल्याच वर्षी आला होता. म्हणजे पेइचिंगच्या बँकेत मी माझा पॅन नंबर पाठ म्हणून दाखवला, तोही चिनीत. मग नाव. आपल्या मराठी पासपोर्टांत नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव एकापाठोपाठ असतं, आडनाव वेगळं. तिने विचारलं, यातलं तुझं कोणतं? मी म्हटलं, पहिलं. मग दुसरं? वडिलांचं. मग वडिलांचं नाव तुझ्या नावात कशाला? याचं उत्तर मला मराठीतही धड देता आलं नसतं. तिने जे लिहिलं ते लिहिलं. संध्याकाळी फोन म्हणाला, नाव जुळत नाही. आडनाव आधी घालून पाहिलं, नंतर घालून पाहिलं, मधली जागा काढून पाहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बँकेत. स्क्रीन माझ्याकडे वळवून तिने दाखवलं: आडनाव, माझं नाव, बाबांचं नाव, सगळं मोठ्या अक्षरांत, मध्ये एकही जागा न सोडता, आगगाडीसारखं. तसंच्या तसं घातलं आणि जमलं. पहिले सात युआन एका च्येनपिंगवर खर्च केले. तव्यावर धिरडं घालून त्यावर अंडं फोडतात, वरून कोथिंबीर-कांदा आणि तिखट सॉस, मध्ये कुरकुरीत पापडी, आणि घडी घालून हातात. युआनला दहाने गुणायचं, म्हणजे सत्तर रुपये. पुढचे सगळे आठवडे माझा नाश्ता तोच होता.

खाण्याचा प्रश्न एवढा सोपा सुटला नाही. मी अंडं खाते, मांस नाही. "मी शाकाहारी आहे" हे वाक्य मला येत होतं आणि ते कँटीनमध्ये मी रोज म्हणायचे. तिसऱ्या दिवशी फरसबीची कोरडी भाजी घेतली, पहिल्याच घासाला त्यात खिमा. परत जाऊन सांगितलं तर आचारी मनापासून गोंधळला. हे काय मांस आहे का, हे तर चवीपुरतं आहे. त्याचंही बरोबरच होतं. त्याच्या लेखी ती भाजीच होती. त्यानंतर मी "काय नको" ऐवजी "काय हवं" ते सांगायला लागले. बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची एकत्र परतलेली 'ती सान श्येन', म्हणजे जमिनीतली तीन ताजी रत्नं. व्हिनेगर घालून परतलेला बटाट्याचा कीस, जो कच्चट ठेवतात आणि तसाच चांगला लागतो. टोमॅटो-अंडं. आणि सुरीच्या पात्याने ठेचलेली काकडी, लसूण नि व्हिनेगर घालून. दाण्याचं कूट तेवढं नाही, बाकी कोशिंबीरच.

त्या काकडीपायीच मीठ आणायला निघाले. हॉस्टेलच्या मागच्या गल्लीत एक कोपऱ्यावरचं दुकान होतं, दुकानदार साठीचा, बनियन छातीपर्यंत गुंडाळून पोट वाऱ्याला दिलेलं. पेइचिंगचे पुरुष उन्हाळ्यात असे सर्रास दिसतात आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. मी मीठ मागितलं. तो म्हणाला, कोणतं? मी म्हटलं, सगळ्यात स्वस्त, छोटं. त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि सिगारेटचं पाकीट काउंटरवर ठेवलं. नाही, नाही, मी म्हटलं, काकडीवर घालायचंय. काकडीवर? तो एवढ्या मोठ्याने म्हणाला की आतल्या खोलीतून त्याची बायको बाहेर आली. तिच्या लक्षात आलं. मीठ आणि सिगारेट, दोन्हींना 'यन'. मीठ म्हणताना सूर खालून वर न्यायचा, सिगारेट म्हणताना वरच्या पट्टीत सपाट धरायचा. मी सपाट धरला होता.

तोवर सूर ही माझ्यासाठी वहीतली गोष्ट होती, अक्षरांच्या डोक्यावर काढायच्या रेघा. त्या रात्री मी त्यांना मराठीत बसवायचा प्रयत्न केला. पहिला सूर सपाट, शाळेत हजेरी देताना ओढतो त्या "हजरऽऽ"सारखा. दुसरा चढता, कुणी थाप मारली की आपण "हो?" म्हणतो तो. तिसरा खाली जाऊन वर येणारा, मनाविरुद्ध होकार देतानाचा "हंऽऽ". चौथा वरून खाली आपटणारा, आई "गप!" म्हणते तो. दुसऱ्या दिवशी वर्गात माझे सूर एकदम सुधारले आणि बाईंनी विचारलं तेव्हा मी आईचा "गप" करून दाखवला. वर्गातल्या कोरियन मुलींनी तो उचललाच.

सूर कच्चे असले तरी व्यंजनांत मात्र मी नशीबवान निघाले. चिनीचं रोमन स्पेलिंग फसवं आहे. त्यात 'बी' लिहितात आणि म्हणतात 'प', 'पी' लिहितात आणि म्हणतात 'फ', तोही ओठ मिटून सोडलेला, जुन्या लोकांच्या फुलातला. 'डी'चा 'त', 'टी'चा 'थ', 'जी'चा 'क', 'के'चा 'ख'. शेजारच्या इटालियन मुलाला क आणि ख हे दोन निराळे आवाज आहेत हेच पटत नव्हतं, बाई त्याच्या तोंडासमोर कागदाचा चिटोरा धरून फुंकर तपासायच्या. मला बालवाडीतच हे पाठ करून घेतलेलं. पण खरी गंमत 'च'ची. चिनीत एक च 'चहा'तला आहे आणि एक 'चांगल्या'तला, आणि दोन्हींची गल्लत केली तर शब्द बदलतो. वर्गात दिल्लीचा एक मुलगा होता, हुशार, अक्षरं माझ्यापेक्षा कितीतरी जास्त यायची, पण त्याला हा फरक ऐकूच येईना. मी त्याला "चांगला चहा" म्हणायला लावलं. त्याने दोन्ही च चहातले म्हटले. निरोप घेताना चिनीत जे म्हणतात, 'त्साइच्येन', त्या एका शब्दात हे दोन्ही च आहेत, आधी चांगल्यातला, मग चहातला. बाईंनी वर्गापुढे मला म्हणायला लावलं तेव्हा मी सोलापूरच्या एसटी स्टँडवर उभी राहून बोलावं तशी बोलून गेले. सहा आठवड्यांत मला काही फुकट मिळालं असेल तर एवढंच.

आता खिडकीतल्या बाई. सगळी मुलं त्यांना 'आयी' म्हणायची. मी ऐकून आधी दचकलेच. पण या शब्दाचा आपल्या आईशी संबंध नाही, त्याचा अर्थ आईची बहीण. आणि ओळखीच्या-अनोळखी कुठल्याही मध्यमवयीन बाईला, विशेषतः साफसफाई किंवा देखरेख करणारीला, चिनी लोक हीच हाक मारतात. आमच्या पुण्यातल्या हॉस्टेलवरही मावशीच आहेत. वर्गात नात्यांचा धडा आला तेव्हा इटालियन मुलाने वहीत अक्षरशः झाड काढलं. वडिलांची बहीण वेगळी, आईची बहीण वेगळी, आईचा भाऊ वेगळा, वडिलांचा थोरला भाऊ नि धाकटा भाऊ परत वेगळे. त्याला हा छळ वाटत होता. मी आत्या, मावशी, मामा, काका असे चार शब्द शेजारी लिहिले आणि माझा धडा संपला.

मावशींना मी हे सांगितलं, मोडक्या चिनीत, की आमच्याकडेही तुम्हाला हेच म्हणतात. मग तुमच्यात कसं म्हणतात? मावशी. "माओ-शी," त्या म्हणाल्या आणि खूश झाल्या. मी त्यांच्याशी आदरार्थी 'नीन' वापरायचे, त्यांनी ते बंद करायला लावलं. आयी म्हणतेस आणि वर नीन कसलं.

त्या हपेई प्रांतातल्या, पेइचिंगला जवळजवळ चहूबाजूंनी वेढणारा प्रांत तो. माझी कडक भाकरी एकदा त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी तुकडा मोडला, हुंगला आणि म्हणाल्या, 'काओल्यांग'. ज्वारी! पीठ, रंग काही विचारलं नाही, वासावरून ओळखली. लहानपणी त्यांच्या घरी हेच होतं, गहू मिळायचा नाही तेव्हा. आता काओल्यांगची दारू करतात, म्हणाल्या, खातं कोण. चटणीबरोबर त्यांनी ती खाल्ली, चटणीचं कौतुक केलं, भाकरीचं नाही. गरिबीची आठवण असलेल्या पदार्थाचं कौतुक परक्या पोरीसमोर कशाला करायचं, असं त्यांना वाटलं असेल. किंवा नसेल आवडली. सोलापुरात आता ती पाकिटात घालून विकतात हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी किंमत विचारली आणि मान हलवली.

१७ जुलैला 'सान्फू' लागलं, म्हणजे तीन 'फू'. वर्षातले सगळ्यात उकाड्याचे दिवस, त्या वर्षी चाळीस. मे महिन्यात चव्वेचाळीस अंश बघितलेल्या मुलीला उन्हाचं काय कौतुक, अशा तोऱ्यात मी होते. पण सोलापूरचं ऊन कोरडं. इथे हवा ओल्या गोधडीसारखी अंगावर बसायची, झाडांवर सिकाडा किडे दिवसभर करवत चालवायचे, आणि खोलीतला टॉवेल दोन दिवस वाळायचा नाही. आणि अशा हवेत लोक पाणी प्यायचे ते गरम! प्रत्येक मजल्यावर उकळत्या पाण्याचा नळ, प्रत्येकाच्या हातात थर्मास. सान्फूच्या खाण्याचीही म्हण आहे: पहिल्या फूला च्याओत्स, दुसऱ्याला शेवया, तिसऱ्याला पोळी नि अंड्याचं धिरडं. मावशींनी त्या दिवशी मला च्याओत्स दिले, आपल्या मोदकाचा चपटा भाऊ म्हणावा असे, आत चिनी पातीचा लसूण आणि अंडं. माझ्यासाठी वेगळे केले होते, वेगळ्या पाण्यात उकडून. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं नाही, दुसऱ्या डब्यातल्या मुलांचे खिम्याचे होते म्हणून मला कळलं. नंतर रोज दुपारी खिडकीवर मुगाचं गार पाणी असायचं, साखर घातलेलं. उष्णतेवर मूग, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पेइचिंगकरांची खरी परीक्षा 'तौच्र'ने घेतात असंही त्यांनीच सांगितलं. मुगाचं पीठ काढून उरलेलं पाणी आंबवून करतात, हिरवट करडं, आणि वास असा की दिल्लीवाला मुलगा भांडं बघूनच उठला. मी डोळे मिटून प्यायले. आंबिलीच्या दोन पायऱ्या खाली, पण त्याच जिन्यातलं. दुसरा वाडगा मात्र नाही घेतला.

भिंतीवर मी चढले. फोटो आहेत. त्याहून जास्त सांगण्यासारखं माझ्यापाशी काही नाही, गर्दी आणि पायऱ्या.

चिनी नावं द्यायचा दिवस आला तेव्हा बाईंनी माझं आडनाव रोमन लिपीतून वाचलं आणि त्यातल्या 'को'वरून मला 'ख' हे चिनी आडनाव दिलं. मराठीतला क त्यांच्या नियमाने वेगळ्या अक्षरात गेला असता, पण वाद घातला नाही. संध्याकाळी मावशींना नाव दाखवलं. त्यांनी ते वाचलं, मी कुठल्या गावची ते पुन्हा विचारलं, आणि म्हणाल्या, "ख तीह्वा!"

मला दोन मिनिटं लागली. कोटणीस. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, जपानशी लढणाऱ्या चिनी सैन्याच्या मदतीला. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. पाचही जणांनी आपल्या चिनी नावाला शेवटी 'ह्वा' जोडलं, म्हणजे चीन. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. तिथल्या भाषेत शिकवू लागले, कॅनडाहून आलेले डॉक्टर बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, मुलाचं नाव 'यिनह्वा' ठेवलं, भारत-चीन. ९ डिसेंबर १९४२ला ते गेले, वय बत्तीस. हे सगळं घडलं ते हपेईतच. मावशींच्या पिढीला तिथे हे नाव माहीत आहे. आणि मी? भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकावरून मी कित्येक वर्षं क्लासला गेले आहे. आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. मावशींना हे सांगायची हिंमत झाली नाही. "हो, आमच्याच गावचे," एवढं म्हणाले.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी कोटणीसांची कबर बघायला हपेईच्या राजधानीला, शिच्याच्वांगला गेले. पेइचिंग पश्चिम स्थानकावर चिनी लोक ओळखपत्र यंत्राला लावून तिकीट घेत होते, पासपोर्टवाल्यांना खिडकीची रांग. पाऊण तास उभी राहिले, तिकीट सव्वाशे युआनच्या आसपास, आणि मग पावणेतीनशे किलोमीटर दीड तासाच्या आत. बाहेर मक्याची शेतं, सपाट, एकसारखी. हुतात्म्यांची दफनभूमी शहराच्या मधोमध आहे, उद्यानासारखी. दाट झाडी आणि सावलीत फिरणारे म्हातारे. बेथ्यून यांची कबर तिथेच, कोटणीसांचीही तिथेच, आणि त्यांचा पुतळा. दगडावरची मला वाचता आलेली अक्षरं मोजकीच होती: यिंतू, म्हणजे भारत. वैद्य. ख. तीह्वा. सहा वर्षांच्या मुलीसारखी बोट फिरवत मी ती वाचली. एक आजोबा थांबले, विचारलं, यिंतू? मी म्हटलं, हो. ते म्हणाले, याचीच ना? मी म्हटलं, याच्याच गावची. त्यांनी खिशातून कागदी रुमाल काढून दिला. मी रडत नव्हते, घाम होता, पण घेतला.

तिथे बसून डोक्यात जे आलं ते फार थोर नव्हतं. हा माणूस अठ्ठाविसाव्या वर्षी इथे आला, बॉम्ब पडत असताना भाषा शिकला. त्याला सूर कुणी शिकवले असतील? मीठ मागितल्यावर त्याला काय मिळालं असेल? च मात्र दोन्ही घरूनच आणले असणार.

वर्ग संपला. मावशींनी खोली तपासली, हँगर मोजले, एक जास्तच निघाला, आणि चावीची शंभर युआनची अनामत परत देऊन सही घेतली. उरलेली चटणी मी त्यांच्याकडे ठेवली. भाकरी नको म्हणाल्या.

शेवटच्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात पाण्याची बाटली घ्यायला गेले. बनियन तसंच गुंडाळलेलं. उद्या जाते म्हटलं. बरं, म्हणाला, आणि माझ्या फोनवरचा कोड स्कॅन केला. मग जाता जाता आठवलं म्हणून मी एक मिठाची पुडी मागितली, दिल्लीवाल्यासाठी, तो अजून आठवडाभर थांबणार होता. सूर खालून वर, स्वच्छ. दुकानदाराने मान डोलावली, मागे वळला, फळीवरून सिगारेटचं पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं, आणि आतल्या खोलीकडे बघून बायकोला हाक मारली.